प्राइम९५: चार कोटी अंकी मूळ संख्येची परीक्षा घेणारा मोफत प्रोग्रॅम

प्राइम९५ बहुतेकांना माहीत असतं ते पीसी तापवून बघण्यासाठी. नवा प्रोसेसर बसवला, ओव्हरक्लॉक केलं (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला), की तासभर प्राइम९५ लावायचं. मशीन लटकलं नाही तर पास. पण हे त्याचं जोडकाम. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली हा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवला तो २^प − १ या साच्यातल्या संख्या मूळ आहेत का हे तपासायला (^ ही घाताची खूण, प म्हणजे घातांक). या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, आणि आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या याच घराण्यातली आहे: २^१३६२७९८४१ − १. दशमान पद्धतीत लिहिली तर तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली.

हे परीक्षण त्या मूळ कामाचं आहे. निकाल आधीच सांगतो. घरी डेस्कटॉप असेल, कूलर धड असेल आणि एकाच गणितावर आठवडाभर मशीन लावून ठेवायची तयारी असेल, तर साध्या प्रोसेसरवर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. कारण नुसता वेग नाही. हा प्रोग्रॅम स्वतःची चूक स्वतः पकडतो आणि आपलं उत्तर दुसऱ्याला पडताळता येईल असा पुरावाही तयार करतो. पातळ लॅपटॉप असेल, किंवा मशीनमध्ये दमदार ते फक्त ग्राफिक कार्ड असेल, तर दुसरीकडे वळलेलं बरं. कुठे ते खाली येईलच.

आधी संख्या समजून घ्या

मेनूतल्या निम्म्या गोष्टी कशासाठी आहेत हे या संख्येचा स्वभाव कळल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने मांडलेले १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक. शून्य एकही नाही. मेमरीत तिला साधारण १७ एमबी लागतात. तीच दशमान अंकांत मजकूर म्हणून साठवली तर ४१ एमबी. शेवटचे अंक काढायला संगणकही लागत नाही. २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक तिसऱ्या घातापासून पुढे दर १०० घातांनी पुन्हा येतात. १३६२७९८४१ ला १०० ने भागून बाकी ४१, आणि २^४१ = २१९९०२३२५५५५२. म्हणजे आपल्या घाताचे शेवटचे अंक ५५२, त्यातून १ वजा केला की ५५१. पहिला अंक हवा असेल तर घातांकाला २ च्या लॉगरिदमने, म्हणजे ०.३०१०२९९९५६६४ ने गुणा: ४१०२४३१९.९४५ येतात. पूर्णांक भागात १ मिळवला की अंकांची संख्या मिळते, आणि ०.९४५ या अपूर्णांकाचा अँटिलॉग ८.८ च्या आसपास, म्हणून संख्या ८८ ने सुरू होते.

आता तिचे शेजारी. तिच्यात १ मिळवला तर २^१३६२७९८४१, म्हणजे नुसते दोनच दोन. अवयव पाडायचे काही उरतच नाही. मर्सेन संख्या मूळ आहे का हे ठरवणारी ल्युका-लेमर चाचणी (ती पुढे येते) नेमकी याच गोष्टीवर उभी आहे. १ वजा केला तर २ × (२^१३६२७९८४० − १) मिळतं, आणि इथे या विशिष्ट घातांकाची एक सुंदर गंमत आहे. १३६२७९८४० ला ३२ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे कंसातल्या संख्येला २^३२ − १ ने भाग जातो, आणि २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्या (२ च्या घातात १ मिळवून होणाऱ्या) सगळ्यात मोठ्या मर्सेन मूळ संख्येच्या शेजारी अवयव म्हणून हजर आहेत. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येत असं होत नाही. घातांकातून १ वजा केल्यावर ३२ ने भाग जावा लागतो.

युक्लिडच्या नियमाने प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती) तयार होते. इथे ती २^१३६२७९८४० × (२^१३६२७९८४१ − १), अंक ८,२०,४८,६४०.

वेगाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचा गुण म्हणजे बाकी काढणं. सर्वसाधारण संख्येने भागून बाकी काढायची तर खरा भागाकार करावा लागतो. २^प − १ ने बाकी काढताना २^प ची किंमत १ धरता येते, म्हणजे द्विमान संख्येचे प बिटांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची. रिचर्ड क्रँडल आणि बॅरी फेगिन यांनी १९९४ साली याच्या पुढची पायरी दाखवली: फूरिये रूपांतरातून (एफएफटी, प्रचंड संख्यांचा गुणाकार वेगाने करायची पद्धत) गुणाकार करताना प्रत्येक कप्प्याला योग्य वजन दिलं की बाकी काढण्याचं काम वेगळं उरतच नाही, गुणाकारातच होऊन जातं. प्राइम९५ चं काळीज हेच. आपल्या संख्येचे ७० ते ८० लाख तुकडे पडतात, प्रत्येकात १८ बिटांच्या आसपास, आणि वोल्टमन यांनी हाताने लिहिलेला असेम्ब्ली कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतला) त्यांच्यावर एव्हीएक्स, म्हणजे एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना चालवतो.

चाळणी आणि खरी चाचणी

२^प − १ ला अवयव असलाच तर तो २ × क × प + १ या रूपाचा असतो (क म्हणजे १, २, ३ असा कुठलाही पूर्णांक) आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ घ्या: २३ म्हणजे २ × १ × ११ + १, आणि ८९ म्हणजे २ × ४ × ११ + १. आपल्या घातांकासाठी क = १ धरला तर २७२५५९६८३ येतो; ८ ने भागून बाकी ३, बाद. क = २ ला ५४५११९३६५; शेवटी ५ आहे आणि ८ ची बाकीही ५, बाद. क = ३ ला ८१७६७९०४७, बाकी ७, म्हणून हा पहिला उमेदवार ज्याने भाग देऊन बघावा लागेल. याला ट्रायल फॅक्टरिंग म्हणतात. सत्तरीच्या वरच्या बिटांपर्यंतचे उमेदवार अशा तऱ्हेने आधीच निपटलेले असतात, आणि ते काम हल्ली ग्राफिक कार्डांवर होतं. प्राइम९५ मध्ये सोय आहे, पण प्रोसेसर त्यात घालवणं म्हणजे वीज फुकट.

दुसरी चाळणी पी मायनस वन. यात अवयवातला क लहान लहान मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर अवयव पकडला जातो. पहिल्या टप्प्याची मर्यादा बी-वन, दुसऱ्याची बी-टू. क च्या सगळ्या मूळ अवयवांनी बी-वनच्या आत असावं, फार तर एकाने बी-टूपर्यंत जावं. दुसऱ्या टप्प्याला जितकी रॅम द्याल तितकी बी-टू वर नेता येते. ३०.८ आवृत्तीपासून हा टप्पा भरपूर रॅम असलेल्या मशीनवर खूपच वेगवान झाला आहे, त्यामुळे १६ जीबी असताना प्रोग्रॅमला जेमतेम अर्धा जीबी देऊन ठेवणं म्हणजे हातचं सोडणं.

दोन्ही चाळण्यांतून जे उरतं त्याची खरी चाचणी. ल्युका-लेमर अशी चालते: ४ पासून सुरुवात, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा, २^प − १ ने भागून बाकी, हे प − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी, म्हणजे प = ७ असताना, बाक्या येतात १४, ६७, ४२, १११, ०. पाचवी शून्य, १२७ मूळ.

आता पहिल्या फेरीत मात्र पीआरपी (प्रोबेबल प्राइम, म्हणजे 'बहुधा मूळ') चाचणी लावतात. ३ घ्या आणि प वेळा वर्ग करत बाकी काढा. संख्या मूळ असेल तर शेवटी ९ च येतात. १२७ ला: ९, ८१, ८४, ७१, ८८, १२४, ९. बरोबर. २०४७ ला अकराव्या वर्गानंतर ९२९ येतात, म्हणजे संयुक्त. पाया ३ का आणि २ का नाही, असा प्रश्न पडेल. घातांक मूळ असला की पाया २ ची अशी चाचणी (फर्मा चाचणी) प्रत्येक मर्सेन संख्या पास करते, अगदी २०४७ सुद्धा. त्या चाचणीतून काहीच कळत नाही.

पीआरपीमध्ये पास झालेली संख्या 'बहुधा मूळ' असते. शिक्का बसतो ल्युका-लेमरनेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये असंच झालं: ११ तारखेला डब्लिनमधल्या एनव्हिडिया ए१०० कार्डाने पीआरपीचा निकाल कळवला, १२ तारखेला सॅन अँटोनियोतल्या एच१०० ने ल्युका-लेमरने तो पक्का केला, आणि इतर प्रोग्रॅमांनी पडताळल्यावर २१ तारखेला घोषणा झाली. शोध ल्यूक ड्युरंट यांच्या नावावर आहे.

आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांची २००२ सालची चाचणी इथे का नको, असं अनेक जण विचारतात. ती कोणत्याही संख्येला लागू पडते आणि सिद्धांत म्हणून तिचं मोल फार मोठं आहे. पण चार कोटी अंकांवर ती चालवणं आवाक्यातलं नाही. ल्युका-लेमर फक्त मर्सेन संख्यांना चालते आणि म्हणूनच इतकी वेगवान आहे.

बसवताना

मर्सेन डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच झिप फाइल घ्या. इन्स्टॉलर नाही, उघडायचं आणि चालवायचं. फोल्डर स्वतःचा वेगळा करा, प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. प्राइम९५ आपल्या सेटिंग, कामाची यादी आणि मधल्या नोंदी त्याच फोल्डरात लिहितं, आणि विंडोज तिथे लिहायला अडवतं. लिनक्सवर हेच एमप्राइम नावाने मिळतं, खिडकी नसते, आकड्यांचा मेनू असतो.

पहिल्यांदा उघडल्यावर दोन पर्याय येतात: जिम्प्समध्ये, म्हणजे मर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या जगभरच्या प्रकल्पात, सामील व्हा, किंवा नुसती स्ट्रेस टेस्ट. आधी स्ट्रेस टेस्ट घ्या आणि ती रात्रभर चालू द्या. 'स्मॉल एफएफटी' प्रोसेसरला सगळ्यात जास्त तापवतं, पण रॅमला फारसा हात लावत नाही. आपलं खरं काम मोठ्या आकाराचं आहे, म्हणून 'लार्ज एफएफटी' किंवा 'ब्लेंड' निवडा. रॅमची खोट असेल तर तिथेच बाहेर पडते. तापमान दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बघत राहा. उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकली असेल तर जानेवारीत पास झालेलं मशीनही मे महिन्यात चुका करतं, तेव्हा ही टेस्ट ऋतू बदलला की पुन्हा घ्यावी.

मग ॲडव्हान्स्ड मेनूत टेस्टमध्ये जाऊन २१६०९१ हा घातांक द्या. २^२१६०९१ − १ ही ६५,०५० अंकांची मूळ संख्या आहे, आणि आजच्या मशीनवर उत्तर बघता बघता येतं. खिडकीत 'इज प्राइम' दिसलं की सगळं जागेवर आहे असं समजा.

सामील झाल्यावर तीन सेटिंग महत्त्वाची. पहिलं, वर्कर (एका वेळी स्वतंत्रपणे चालणारी कामं) किती. ७०-८० लाख तुकड्यांना प्रत्येकी ८ बाइट म्हणजे ६० एमबीच्या आसपास जागा लागते. नेहमीच्या प्रोसेसरच्या एल३ कॅशमध्ये (आतल्या छोट्या वेगवान मेमरीत) हे मावत नाही, चार वर्करांचं तर मुळीच नाही. या आकाराला बहुतेक मशीनवर एकच वर्कर ठेवून सगळे कोअर त्याला देणं फायद्याचं ठरतं. ऑप्शन्समधला बेंचमार्क चालवून खात्री करा. दुसरं, रिसोर्स लिमिट्समध्ये रॅम: १६ जीबीच्या मशीनवर दिवसा ४ ते ६ आणि रात्री १० ते १२ जीबी द्यायला हरकत नाही, दिवस-रात्र वेगळी मर्यादा ठेवता येते. तिसरं, तिथेच तात्पुरती डिस्क जागा. ही कमी ठेवली तर पुरावा कमी दर्जाचा तयार होतो. का, ते पुढच्या भागात.

कामाचा प्रकार निवडताना 'व्हॉटेव्हर मेक्स द मोस्ट सेन्स' वर सोडलं तरी चालतं. मशीनवर भरवसा नसेल तर डबल-चेक (आधी कुणी तपासलेल्या घातांकाची पुन्हा चाचणी) घ्या. ते घातांक लहान असतात, काम लवकर संपतं, आणि आधीच्या निकालाशी शेवटचे ६४ बिट जुळले की आपलं मशीन नीट चालतंय हे कळतं.

उत्तरावर विश्वास का ठेवायचा

या प्रोग्रॅमचं सगळ्यात मोठं बळ इथे आहे. साडेतेरा कोटी वेळा वर्ग करायचा आणि त्यात एकदा एक बिट चुकला की शेवटचं उत्तर पार कचरा. ल्युका-लेमरच्या काळात यावर उपाय एकच होता: काही वर्षांनी दुसऱ्याने तेच काम पहिल्यापासून करायचं आणि दोन उत्तरं ताडून पाहायची.

२०१७ साली रॉबर्ट गेर्बिट्स यांनी पीआरपीसाठी एक तपासणी सुचवली. दर १००० वर्गांनंतरची बाकी घेऊन तिचा एक चालता गुणाकार ठेवायचा. जुन्या गुणाकाराचे १००० वेळा वर्ग केले आणि ३ ने गुणलं, तर नवा गुणाकार यायला हवा. कारण प्रत्येक बाकी १००० वर्गांनी पुढच्या बाकीत जाते आणि सुरुवातीची जागा ३ भरून काढतो. हे दर दहा लाख वर्गांनी एकदा ताडून पाहिलं तर जादा काम दोन हजार गुणाकारांचं, म्हणजे ०.२ टक्के. जुळलं नाही तर प्रोग्रॅम शेवटच्या पक्क्या टप्प्यावर परत जातो. एका वर्गाला ५ मिलिसेकंद लागत असतील तर फार तर तासा-दीड तासाचं काम वाया जातं, आठवड्याचं नाही. जेमतेम चालणाऱ्या मशीनचाही निकाल यामुळे भरवशाचा होतो.

दुसरी भर पुराव्याची, २०२० पासूनची, क्षिष्टोफ पिएत्शाक यांच्या पद्धतीवर बेतलेली. काम चालू असताना ठरावीक टप्प्यांवरच्या बाक्या डिस्कवर साठवल्या जातात. दर्जा ८ असेल तर २५६ बाक्या, प्रत्येकी १७ एमबी, म्हणजे ४.४ जीबीच्या आसपास. तात्पुरती जागा लागते ती यासाठी. शेवटी त्यातून दीडशे एमबीची पुरावा-फाइल बनते आणि जिम्प्सच्या सर्व्हरवर चढते. मग दुसऱ्या कुणाला साडेतेरा कोटींऐवजी फक्त ५,३२,००० च्या आसपास वर्ग करून तुमचा निकाल प्रमाणित करता येतो. दर्जा एकाने कमी झाला की हे काम दुप्पट होतं, म्हणून डिस्कच्या जागेत कंजुषी करू नका. मोजून डेटा वापरणाऱ्यांनी ही दीडशे एमबीची अपलोड हिशेबात धरावी. दिवसाची मर्यादा सेटिंगमध्ये घालता येते.

काय बिघडतं

'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' ही स्ट्रेस टेस्टमधली ओळ दिसली की मशीनमध्ये दोष आहे, प्रोग्रॅममध्ये नाही. रूपांतरानंतर प्रत्येक तुकडा पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवा, ०.५ चा फरक म्हणजे कुठल्या पूर्णांकाकडे वळायचं हेच कळत नाही. आधी रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून पाहा. तरी आली तर ओव्हरक्लॉक काढा, मग रॅमच्या कांड्या एकेक करून तपासा. प्रत्यक्ष कामाच्या वेळी ०.४ च्या किंचित वरची सूचना क्वचित एखाद्या वेळी आली आणि प्रोग्रॅमने तो टप्पा पुन्हा करून तेच मूल्य मिळवलं, तर घाबरायचं कारण नाही. एफएफटीचा आकार सीमेवर आहे इतकंच.

हा प्रोग्रॅम किती बारीक खोट पकडतो याचं जाहीर उदाहरण म्हणजे इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर. त्या पिढीचे प्रोसेसर प्राइम९५ चं एक विशिष्ट काम करताना गोठायचे. वापरणाऱ्यांनी ते शोधून काढलं, जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने दोष मान्य केला आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली.

वेग अपेक्षेच्या निम्मा दिसत असेल तर पहिली शंका रॅमवर घ्या. ८ किंवा १६ जीबीची एकच कांडी लावलेली असेल तर एकच चॅनल चालतो, आणि हे काम प्रोसेसरपेक्षा रॅमच्या वाहतुकीवर अडतं. तेवढ्याच क्षमतेच्या दोन कांड्या योग्य खाचांत लावल्या की फरक लगेच दिसतो. महागडा प्रोसेसर घेऊन एका कांडीवर काम भागवणाऱ्यांनी इथे आधी पैसे घालावेत.

वीज गेली तर? प्रोग्रॅम दर ३० मिनिटांनी मधली स्थिती डिस्कवर लिहितो आणि आधीच्या प्रतीही ठेवतो, त्यामुळे अर्ध्या तासापलीकडे नुकसान होत नाही. जिथे लाइट वारंवार जाते तिथे हे अंतर प्रेफरन्सेसमध्ये १० मिनिटांवर आणा. विंडोजचा स्लीप बंद करा, नाहीतर सकाळी उठून पाहाल तर काम रात्री अकरालाच थांबलेलं. खिडकी बंद केली तरी आयकॉन घड्याळाशेजारी राहतो आणि काम चालू असतं; खरंच थांबवायचं तर टेस्ट मेनूतून एक्झिट करा. आणि फोल्डर दुसऱ्या मशीनवर नुसता कॉपी करून दोन्हीकडे चालू ठेवू नका: तेच काम दोनदा होतं आणि सर्व्हरच्या नोंदीत घोळ होतो. हातातलं काम महिनोन्महिने कळवलं नाही तर सर्व्हर ते काढून दुसऱ्याला देतो.

वेळ आणि विजेचा हिशेब

खिडकीत दर वर्गाला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. त्याला घातांकाने गुणा. ५ मिलिसेकंद × १३६२७९८४१ म्हणजे ६,८१,३९९ सेकंद, ७ दिवस २१ तास. मशीन एकूण १०० वॅट जादा ओढत असेल तर १९ युनिट. महावितरणच्या बिलात टप्प्याटप्प्याने दर वाढतो, तेव्हा हे १९ युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने धरा. बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा उतरवून पाहण्यासारखी आहे: काम रॅमवर अडत असल्याने मर्यादा ३० टक्क्यांनी कमी केली तरी वेग त्या मानाने फारच थोडा घटतो, आणि पंख्याचा आवाजही उतरतो.

यश किती? चाळण्यांतून पार पडलेल्या या आकाराच्या एका घातांकाला मूळ संख्या निघण्याची शक्यता साधारण दहा लाखांत एक. डिसेंबर २०१८ मधली २^८२५८९९३३ − १ आणि ऑक्टोबर २०२४ मधली ही, यांच्यामध्ये सहा वर्षं जगभरच्या मशीनना एकही सापडली नाही. प्रत्येक 'संयुक्त' निकालही कायमचा नोंदला जातो. या संख्येला आज 'माहीत असलेली ५२वी' म्हणतात, क्रमाने ५२वी म्हणत नाहीत. मधले सगळे घातांक दुहेरी तपासून होईपर्यंत ते म्हणताच येत नाही. डबल-चेक घेणारे लोक नेमकी हीच जागा भरतात.

एक गैरसमज दूर केलेला बरा: ही संख्या बँकेच्या कुलुपात वापरत नाहीत. २०४८ बिटांच्या आरएसए (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) किल्लीला १०२४ बिटांच्या दोन गुप्त मूळ संख्या लागतात, आणि जगजाहीर संख्या गुप्त कशी राहील? लहान मर्सेन मूळ संख्या मात्र रोजच्या वापरात आहेत: माहिती सांकेतिक करताना वापरतात त्या पी-५२१ या लंबवर्तुळी वक्राचं गणित २^५२१ − १ वर चालतं, आणि मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक संख्यांच्या यंत्रणेचा आवर्तकाल २^१९९३७ − १ आहे.

कुठे कमी पडतं

खिडकी जुन्या वळणाची आहे, मदत इंग्रजी मजकूर-फाइलींमध्ये विखुरलेली, आणि निम्मी सेटिंग फाइल हाताने उघडून बदलावी लागतात. हे सहन होतं. खरी अडचण हार्डवेअरची. असेम्ब्ली कोड इंटेल आणि एएमडीच्या साच्याचा असल्याने ॲपलच्या एम मालिकेवर किंवा इतर एआरएम मशीनवर तो मूळ रूपात चालत नाही. तिथे अर्न्स्ट मायर यांचं एमल्युकस वापरा. ग्राफिक कार्डाला प्राइम९५ हातच लावत नाही. त्यासाठी मिहाय प्रेदा यांचा जीपीयूआउल आणि त्याच वंशातला पीआरपीएलएल आहे, गेर्बिट्स तपासणी आणि पुरावा दोन्ही त्यात आहेत. कार्ड निवडताना ६४ बिटी दशांश गणिताचा वेग पाहा. गेमिंग कार्डांत तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अशा कार्डाला ट्रायल फॅक्टरिंगच शोभतं.

बक्षिसाच्या आशेने येणाऱ्यांसाठी आकडे असे. जिम्प्स नव्या मर्सेन मूळ संख्येला ३,००० डॉलर देतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे दीड लाख डॉलर दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी राखून ठेवलेले आहेत आणि प्राइम९५ चा परवाना स्वीकारताना त्यातले ५०,००० शोधणाऱ्याला ही वाटणी तुम्ही मान्य करता. त्यासाठी घातांक ३३.२ कोटींच्या वर हवा. वर्गांची संख्या जवळजवळ अडीचपट आणि प्रत्येक वर्ग तितकाच जड, म्हणजे एकूण काम सहापटीच्या वर: आठ दिवसांचे पन्नास दिवस, आणि शक्यता वीस-पंचवीस लाखांत एक. पहिलं काम म्हणून हे घेऊ नका. एक डबल-चेक, मग एक नेहमीची पीआरपी, आणि दोन्ही एकही चूक न दाखवता पार पडली तर मग या रांगेत उभं राहा.